मंडळाच्या संगणकाचा एसएमपीएस : बदलायचा की चालवायचा?



मागच्या गणेशोत्सवाच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मंडळाच्या कार्यालयात मुलांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे छापायचे काम चालले होते. संगणकावर आठवीतली एक मुलगी बसली होती. पेन ड्राइव्ह लावायला तिने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. "आजोबा, याला करंट येतो," ती म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने अगदी सहज सांगितले, "तो नेहमीच येतो. चप्पल घालून बस."

मी चपापलो. कारण तो संगणक माझाच होता. २०१४ साली घरासाठी घेतलेला, आणि मुलगा लॅपटॉप वापरू लागल्यावर २०२० मध्ये मी मंडळाला दिलेला. देताना चार लोकांनी कौतुक केले होते, ते मी आनंदाने ऐकूनही घेतले होते.

दोन दिवसांनी त्याच संगणकाच्या मागून जळका वास आला. मग कार्यकारिणीत चर्चा झाली. एक म्हणाले, चालू मशीनला हात लावू नका. दुसरे म्हणाले, जुना झालाय, नवा संगणकच घ्या. तिसऱ्यांनी तीनशे रुपयांत दुरुस्त करून देणारा माणूस सुचवला. शेवटी "तुम्हीच दिलाय, तुम्हीच बघा" असे म्हणून काम माझ्याकडे आले. मी बी.कॉम. झालेला बँकेचा माणूस, विजेतले शिक्षण नाही. पण वायरमन आणि हार्डवेअरचे काम करणारा तंत्रज्ञ या दोघांच्या मागे उभा राहून, विचारून विचारून जे समजले ते लिहून काढले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे जुने डेस्कटॉप अजून आहेत, त्यांना उपयोग होईल.

एसएमपीएस म्हणजे काय

संगणकाच्या डब्यात मागच्या बाजूला, जिथे विजेची जाड वायर लागते तिथे, पत्र्याची एक पेटी असते. तिला आपण सगळे एसएमपीएस म्हणतो. घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि एसी असते. संगणकाच्या आतल्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज लागते. हा बदल करण्याचे काम ही पेटी करते.

म्हणजे या पेटीच्या एका अंगाला भिंतीतली घातक वीज असते आणि दुसऱ्या अंगाला हात लागला तरी चालेल इतकी सौम्य वीज. दोन्हींच्या मध्ये इन्सुलेशनची भिंत असते. बँकेत कॅश काउंटर आणि ग्राहक यांच्यामध्ये जाळी असते, तसेच हे. जाळी मजबूत आहे तोवर दोन्ही बाजू निर्धास्त. चांगल्या आणि वाईट एसएमपीएसमधला मोठा फरक या भिंतीत असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. संगणक दोन्हींवर सारखाच चालू होतो.

आत मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्ट एसीचे डीसी केल्यावर त्यांच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यानंतरही हा साठा काही वेळ राहू शकतो. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. संगणकाचा डबा उघडून धूळ झटकणे वेगळे आणि एसएमपीएसची पेटी उघडणे वेगळे. ती पेटी घरी कोणीही उघडू नये. यूट्यूब पाहून तर मुळीच नाही.

तक्रार एक नव्हती, दोन होत्या

आमची पहिली चूक अशी, की झिणझिण्या आणि जळका वास या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच आजाराची लक्षणे धरून बसलो होतो. वायरमनने त्या वेगळ्या केल्या.

डब्याला हात लावला की सौम्य झिणझिण्या येणे, हे बहुतेक वेळा अर्थिंग नसल्याचे लक्षण असते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याच्या डब्याकडे, दुसरा न्यूट्रलपासून डब्याकडे जोडलेला. त्यांच्यातून अगदी किरकोळ प्रवाह डब्याकडे झिरपतो आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत निघून जावा, अशी रचना असते. तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल, तर डबा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब दिसतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असतो, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी बसले की जास्त जाणवतात. मॉनिटर, प्रिंटर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, तर तिघांचा झिरपणारा प्रवाह एकत्र होतो आणि झिणझिण्या वाढतात.

म्हणजे एसएमपीएस अगदी नवा आणि उत्तम असला, तरी अर्थिंग नसेल तर झिणझिण्या येणारच. आम्ही घाईने नुसता एसएमपीएस बदलला असता, तर पैसेही गेले असते आणि "नवा घातला तरी करंट येतोच" म्हणून सगळे पुन्हा चपला घालून बसले असते.

पण त्या सौम्य आहेत म्हणून सोडून द्यायच्या, असा याचा अर्थ नाही. अर्थिंगचे खरे काम अडचणीच्या दिवसासाठी असते. एसएमपीएसमधली इन्सुलेशनची भिंत फुटली, तर फेजची वीज सरळ डब्यावर येते. अर्थिंग असेल तर ती वीज जमिनीकडे धावते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर डबा तसाच जिवंत उभा राहतो आणि पुढच्या हाताची वाट बघतो. झिणझिण्या म्हणजे आपला विमा संपला असल्याची नोटीस. अपघात अजून झालेला नसतो, एवढेच.

इथे निऑन टेस्टरबद्दल एक सूचना. अनेक जण टेस्टर डब्याला लावतात, दिवा पेटला की "एसएमपीएस गेला" म्हणतात. टेस्टरचा दिवा वर सांगितलेल्या किरकोळ प्रवाहावरही पेटतो. निरुपद्रवी झिरप आणि खरी गळती यांतला फरक त्याला कळत नाही.

अर्थिंगची तपासणी

बँकांत संगणकीकरण सुरू झाले ते रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर. आमच्या शाखेत जेव्हा एएलपीएम म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा यंत्रांच्या आधी अर्थिंगचा खड्डा आला. कोळसा आणि मीठ घालून पुरलेली तांब्याची पट्टी, वर सिमेंटचे झाकण. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणे हे शिपायाच्या कामात लिहिलेले होते. इंजिनिअर यायचा तेव्हा यंत्र उघडण्याआधी मल्टीमीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये घालायचा. तेव्हा आम्हाला वाटायचे, हा यंत्र सोडून भिंतीत काय शोधतो! त्याचे उत्तर मला चाळीस वर्षांनी मंडळाच्या कार्यालयात मिळाले.

वायरमनने तीच तपासणी केली. सॉकेटमध्ये तीन मोजमापे घ्यायची असतात. फेज ते न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट. फेज ते अर्थ जवळपास तेवढेच. न्यूट्रल ते अर्थ अगदी कमी, दोन-तीन व्होल्टच्या आत असले तर उत्तम. आमच्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजल्यावर काटा कुठेतरी मध्येच लोंबकळत होता. सॉकेट उघडले तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तीन भोकांचे सॉकेट, आत दोनच वायर. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा प्रकार किती सर्रास आहे, हे तुमच्या वायरमनला विचारा.

दुसरी चोरी एक्स्टेन्शन बोर्डात असते. बोर्डाला तीन भोके, पण त्याची वायर दोन तारांची आणि प्लग दोन पिनांचा. यूपीएसचेही तसेच. संगणकाची तिसरी पिन यूपीएसमधून भिंतीकडे जाते. यूपीएसच दोन पिनांच्या जोडणीवर असेल, तर संगणकाच्या तीन पिनांना अर्थ उरत नाही. आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी पिन कापून टाकणारे महाभागही मी पाहिले आहेत.

आम्ही कार्यालयासाठी अर्थिंगचा खड्डा करून घेतला, सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढली आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळती त्या मर्यादेपलीकडे गेली की आरसीसीबी वीज क्षणात तोडतो. झिणझिण्या त्याच संध्याकाळी बंद झाल्या.

याच्यात एक उपयोगी परीक्षाही आहे. अर्थिंग नीट झाल्यावर फक्त संगणक चालू केला की आरसीसीबी पडत असेल आणि बाकी सगळी उपकरणे ठीक चालत असतील, तर वीज खरोखर डब्याकडे गळते आहे. तिथे पुढे चर्चा करू नये. प्लग काढावा, तंत्रज्ञाला बोलवावे आणि एसएमपीएस बदलावा.

आता एसएमपीएसची वर्गवारी

आमचा आरसीसीबी पडला नाही. पण जळका वास आला होता, त्याचा हिशेब बाकी होता. इथे माझी जुनी सवय कामी आली. नरसिंहम समितीनंतर, १९९२-९३ पासून, बँकांतल्या कर्जखात्यांची चार वर्गांत विभागणी करावी लागते : स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. त्याआधी आम्ही मॅनेजर लोक "पार्टी चांगली आहे, पैसे येतील" यावर खाती वर्षानुवर्षे ओढत असू. वर्गवारी आली आणि मनाची समजूत घालणे बंद झाले. एसएमपीएसलाही मी तेच चार खण लावले.

स्टँडर्ड : चांगल्या बनावटीचा, पाच-सहा वर्षांच्या आतला, पंखा फिरतो, वास नाही, आवाज नाही. हात लावायची गरज नाही. वर्षातून एकदा संगणकाची धूळ काढून घ्यावी.

सब-स्टँडर्ड : चालतो आहे, पण वय सात-आठ वर्षांच्या पुढे गेले आहे, किंवा संगणकाबरोबर फुकट आलेला बिननावाचा आहे. याच्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. आपल्या बालाघाटात मे महिन्यात पंख्याखालीही घाम निथळतो आणि संगणक असतो टेबलाच्या बंद खणात. डब्याच्या आत काय होत असेल, याची कल्पना करा. असा एसएमपीएस लगेच फेकायला नको, पण पुढच्या वर्षाच्या खर्चात त्याची तरतूद करावी. तोवर कोणी नसताना चालू ठेवू नये आणि रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे.

डाउटफुल : पंखा फिरत नाही किंवा घरघरतो, मागून येणारी हवा फार गरम लागते, काम वाढले की संगणक आपोआप बंद होऊन सुरू होतो. इथे एक खात्री करून घ्यावी. आपोआप बंद होण्यामागे यूपीएसची मेलेली बॅटरी किंवा लाइटचा कमी-जास्त दाबही असू शकतो. तंत्रज्ञाने दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहावा. त्रास थांबला तर दोषी सापडला. मग बदलायला महिना लावू नये.

लॉस : जळका वास, तडतड, ठिणगी, धूर, एकदाही झालेला "फट्" आवाज, आरसीसीबी पडणे, आत पाणी जाणे, किंवा आतली मूळ रचना कोणी बदललेली असणे. यातले एकही असेल तर तो त्या क्षणी बाद. "पुन्हा लावून बघू" हे इथे करायचे नाही.

याच्यात एक मेख आहे. दुकानदार एसएमपीएस टेस्टर लावून दाखवतात, १२ व्होल्ट बरोबर, ५ व्होल्ट बरोबर, "साहेब, माल ओके आहे." तो टेस्टर फक्त बाहेर पडणारे व्होल्ट मोजतो. आतली भिंत शाबूत आहे की नाही, संरक्षणाची व्यवस्था काम करते की नाही, यातले काहीही त्याला दिसत नाही. हप्ता वेळेवर येतो म्हणून तारण खरे आहे, असे होत नाही.

आमच्या एसएमपीएसमध्ये काय निघाले

तंत्रज्ञाने एसएमपीएस काढून आपल्या दुकानात नेला, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केली आणि माझ्यासमोर पेटी उघडली. दोन कपॅसिटर वरून फुगले होते. एका कोपऱ्यात पालीचा वाळलेला सांगाडा होता. इथपर्यंत मी तयार होतो. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक जागा दाखवली. जिथे काचेचा फ्यूज असायला हवा, तिथे वायरची एक जाड तार डाग देऊन बसवलेली होती.

मला एकदम २०१८ आठवले. संगणक अचानक बंद पडला होता. दुरुस्त करणाऱ्याने तासाभरात चालू करून दिला, अडीचशे रुपये घेतले. नव्याचे पैसे वाचले म्हणून मी खूश होतो. काय केले, हे विचारले नाही. पावतीही मागितली नाही. आयुष्यभर लोकांच्या व्हाउचरवर सह्या तपासणारा मी! फ्यूज उडाला तो कशामुळे, हे न शोधता त्याच्या जागी कधीच न उडणारी तार घातली गेली. आणि तो डबा दोन वर्षे माझ्या घरात, नंतर चार वर्षे मंडळात, अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर, पोरांच्या हाताखाली चालला.

त्या मुलीला झिणझिण्या आल्या त्या अर्थिंगमुळे. पण त्याच दिवशी आतली भिंत फुटली असती, तर फ्यूज नव्हता, अर्थिंग नव्हते, आरसीसीबी नव्हता. होती फक्त चप्पल.

त्यामुळे आमचा निर्णय सोपा झाला. दुरुस्तीचा प्रस्ताव बाद. एसएमपीएस नवा.

लेबलाचा ताळा

बदलायचा ठरल्यावर दुसरा प्रश्न, कोणता घ्यायचा. जुन्या एसएमपीएसच्या लेबलावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिले होते. खाली बारीक अक्षरांत तक्ता होता. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट, एवढे गणित आपल्याला येते, म्हणून मी ताळा केला.

१२ व्होल्ट × १४ अँपिअर = १६८ वॅट
५ व्होल्ट × २० अँपिअर = १०० वॅट
३.३ व्होल्ट × १६ अँपिअर = सुमारे ५३ वॅट
उणे १२ व्होल्ट आणि स्टँडबाय मिळून = १६ वॅट

बेरीज ३३७. तीही सगळे एकदम पूर्ण देता आले तर. म्हणजे लेबलावरची रक्कम आणि आतली बेरीजच जुळत नव्हती. आजच्या संगणकाचे मुख्य ओझे १२ व्होल्टवर असते. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये त्यातला बहुतेक भाग एकट्या १२ व्होल्टच्या ओळीवर मिळतो, म्हणजे तिथे तीसपेक्षा जास्त अँपिअर लिहिलेले दिसतात. घेताना ती एक ओळ जरूर वाचा. दोन नग दोन हातांत धरून पाहा. हलका लागतो तो बहुधा आतूनही हलकाच असतो.

दुसरी खूण बीआयएसची. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश केंद्र सरकारने २०१२ मध्ये काढला आणि २०१३ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. या नोंदणीच्या खुणेत भारतीय मानकाचा क्रमांक, संगणकाच्या क्षेत्रात आयएस १३२५२, आणि 'आर' अक्षरानंतर आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहावी तसे हे ताडून पाहा. क्रमांक छापलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

तिसरी खूण ८० प्लस. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही योजना एसएमपीएसची कार्यक्षमता मोजते. साध्या ८० प्लसला २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज उपयोगी पडली पाहिजे. वीज कमी वाया गेली की उष्णताही कमी, म्हणून ही खूण असलेली बरी. पण ती सुरक्षिततेची परीक्षा नव्हे, हे लक्षात ठेवा.

नावाजलेली कंपनी घेतली की काम झाले, असेही नाही. २०२१ साली गिगाबाइट या मोठ्या कंपनीच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या दोन एसएमपीएसबद्दल जगभर ओरड झाली. गेमर्स नेक्सस या अमेरिकेतल्या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी चाचणीत ते फुटताना दाखवले. कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढले. जादा भार आला की वीज तोडणारी मर्यादा आधी १२० ते १५० टक्क्यांवर होती, ती ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचे सांगितले आणि ठरावीक अनुक्रमांकांचे नग परत घेण्याची किंवा बदलून देण्याची तयारी दाखवली. त्या वेळी हजारो ग्राहकांपुढे आपल्यासारखाच प्रश्न होता : माझा तर नीट चालतोय, मग काढू कशाला? आपल्याला यातून एवढेच घ्यायचे, की आपल्या एसएमपीएसचे मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून ठेवावा, पावती जपावी, आणि कंपनी एखादा नग परत मागवते तेव्हा "चालतोय ना" म्हणून बसून राहू नये.

बदलताना घ्यायची काळजी

आम्ही केले ते क्रमाने सांगतो.

१. आधी सगळ्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. सभासद यादी, ग्रंथालयाची नोंद, हिशेब. जाणारा एसएमपीएस कधी कधी हार्ड डिस्कलाही बरोबर घेऊन जातो.

२. जुन्या एसएमपीएसचे जोड तंत्रज्ञाला दाखवले. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि जोड वेगळे असतात, तिथे बाजारातला साधा बसत नाही.

३. नव्याबरोबर त्याच्याच केबल वापरल्या. सुट्या होणाऱ्या केबलचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. जोड सारखा दिसला तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि संगणक जळू शकतो.

४. मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका असेल, तर तो २३० वर आहे हे चालू करण्याआधी पाहिले. मुले हा खटका खेळता खेळता सरकवतात आणि मग स्फोटासारखा आवाज येतो.

५. जुना एसएमपीएस भंगारवाल्याला किलोवर दिला नाही. तो पुन्हा रंगरंगोटी करून कुणाच्या तरी घरी जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे तो पोचवायचा असतो. आम्ही त्याची वायर कापून, वर "बाद" लिहून वेगळा ठेवला आहे. आणखी काही जमले की एकत्र पाठवू.

आणि देव करो, कधी संगणकातून धूर निघालाच, तर पाणी ओतू नका. डब्याला हात न लावता मुख्य स्विच बंद करा, मुलांना बाहेर काढा. अग्निशामक यंत्र असेल तर कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे वापरा. आग वाढताना दिसली तर थांबू नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या, की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

खर्चाचा हिशेब

आम्हाला बाजारात साधा बिननावाचा एसएमपीएस सहा-सातशेला मिळत होता. लेबल जुळणारा, नोंदणी असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ४५० वॅटचा तीन हजारांच्या आत मिळाला. तो आणायला मी गोंदियाला गेलो. अंतर सव्वादोन हजारांचे. संगणक आणखी दोन-तीन वर्षे तरी चालेल, आणि पुढे नवा घेतला तर हाच एसएमपीएस त्यात बसवता येईल, त्यामुळे हा खर्च वाया जाणारा नाही. एसएमपीएसचे पैसे मी दिले. कार्यकारिणी नको म्हणत होती. पण त्या डब्याबरोबर मी जे काही मंडळाला देऊन बसलो होतो, ते परत घ्यायचे होते. अर्थिंग आणि आरसीसीबीचा खर्च मंडळाच्या खात्यातून झाला, कारण त्याचा लाभ पंखे, पाण्याचा कूलर आणि माइक या सगळ्यांनाच आहे.

आता माझी विनंती. या रविवारी घरी तीन गोष्टी पाहा. संगणकाच्या आणि एक्स्टेन्शनच्या प्लगला तिसरी पिन आहे का. डब्याला हात लावल्यावर काही जाणवते का. आणि एसएमपीएस कधी कोणी "दुरुस्त" केला होता का, केला असेल तर नेमके काय केले. पहिल्या दोन्हींत शंका आली तर वायरमनला बोलवा, तिसरीत आली तर तंत्रज्ञाला. मंडळाला किंवा कामवाल्या बाईच्या मुलाला जुना संगणक देणार असाल, तर देण्याआधी हे नक्की करा. आपण वापरणे थांबवतो तेव्हा वस्तू जुनी झालेली असते, आणि ती घेणारा आपल्यावर विश्वास ठेवून घेतो.

प्रमाणपत्रे वेळेवर छापून झाली. त्या मुलीचे नाव रांगोळी स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर होते. तिने स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच छापले. मी मुद्दाम बघत होतो. ती अनवाणी होती.